नवऱ्याचा बडी

माझी सवत अरुणाचल प्रदेशात राहते, तिला विरळ मिशा आहेत आणि ती मला भाभी म्हणते.

हसू नका. मला हे हसण्यावारी नेता आलं असतं तर केव्हाच नेलं असतं. माझे मिस्टर फौजेत गाडी चालवायचे. रसद पोचवणाऱ्या ट्रकवर. आता रिटायर होऊन सोलापुरात शाळेची बस चालवतात. दर रविवारी दुपारचं जेवण झालं की मोबाईल घेऊन गच्चीवर जातात आणि त्याच्याशी, म्हणजे ह्या सवतीशी, बोलतात. बोलणं मला कळत नाही, कारण गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वरचं खाली ऐकू येत नाही. पण मधूनच हसू ऐकू येतं. पोट धरून हसतात. मी खाली मशिनवर शाळेचे गणवेश शिवत बसलेली असते आणि दर हसण्याला माझी शिवण वाकडी जाते. माझ्याशी बोलताना हा माणूस इतका कधी हसला, मला आठवत नाही.

आम्ही तेलुगू विणकर. घरात तेलुगू बोलतो. मराठीत लिहिते, कारण शाळा मराठी झाली आणि चिडायला मला मराठीच सोयीची पडते.

फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार लावून देतात, त्याला ते बडी म्हणतात. जेवायला सोबत, पहाऱ्याला सोबत, एकाला ताप आला की दुसऱ्यानं त्याचे कपडे धुवायचे. हा ह्यांच्या ट्रकवरचा दुसरा ड्रायव्हर. आमचं लग्न झालं, हळद उतरते न उतरते तोच रजा संपली. मी इथं राहिले आणि तो तिथं केबिनमध्ये ह्यांच्या शेजारी बसला. नवीन नवीन होते तेव्हा मी एकदा फोनवर विचारलं, "तुमच्या बडीला निवडलं कुणी?"

"मीच मागून घेतला," हे म्हणाले. "साहेबांना म्हटलं, हाच पाहिजे."

मी तर वडीलधाऱ्यांनी दाखवलेली. ह्यांनी मान खाली घालून होकार दिला होता. म्हणजे आयुष्यात ह्यांनी तोंड उघडून मागून घेतलेलं माणूस एकच, आणि ते मी नव्हे.

नंतर दोऱ्याचं झालं. श्रावणातल्या पौर्णिमेला आमच्यात मनगटाला सुताचा दोरा बांधतात. फक्त बहिणीनं भावाला असं नाही, घरातले सगळे एकमेकांना बांधतात. हे बाहेर असायचे म्हणून मी पाकिटातून पाठवायचे. सूत मीच मागावरून आणायचे, हळदीत भिजवायचे, सावलीत वाळवायचे. एका वर्षी ह्यांनी फोटो पाठवला. ट्रकला टेकून दोघं उभे. ह्यांचं मनगट रिकामं आणि माझा पिवळा दोरा त्याच्या हातात. मी फोन करून विचारलं तर म्हणे, "माझा गाडीच्या कामात तुटला असता. त्याला बांधला." असं म्हणतात आणि पुढं हवापाण्याचं विचारतात! मी तीन-चार दिवस फोन उचलला नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणखी एक फोटो आहे. आमच्या शोकेसमध्ये आहे, येणाराजाणारा बघतो. फौजेत सणावाराला सगळी तुकडी साहेबांसोबत एकत्र जेवते, त्याला बडा खाना म्हणतात. त्यात गाणी, नकला, नाटक. त्या नाटकातला ह्यांचा फोटो. तोंड काळं रंगवलेलं, डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं. "राक्षसाचं काम मिळालं, मुख्य होतं," असं ह्यांनी सांगितलं होतं. मी चौकट करून लावला. गल्लीत ह्यांना मान आहे. झेंड्याला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची असते. पोरांना बर्फातल्या गोष्टी सांगतात. घाटात गाडी कशी वळवली, बर्फ कसं फोडलं. मलाही तेवढंच सांगतात, पोरांइतकंच.

मागच्या दिवाळीनंतर एक दिवस हे म्हणाले, "तो येतोय."

कशाला येतोय, किती दिवसांसाठी, काही नाही. स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला. लग्नाला जायचं असलं तरी जो माणूस शर्ट माझ्या अंगावर टाकतो, त्यानं स्वतः इस्त्री केला! स्टेशनवर गाडीच्या कितीतरी आधी जाऊन बसले. मला सांगून गेले, त्याचा चहा बिनसाखरेचा, चिमूटभर मीठ टाकायचं. मला विचारा, ह्यांना माझा चहा कसा लागतो ते माहीत आहे का. विचारू नका.

तो आला. बुटका, अंगानं काटक, हसला की डोळे मिटून जाणारे. वाकून माझ्या पाया पडला. मुदत वाढवून घेतल्यामुळं अजून नोकरीत होता, रजेवर आला होता. मला त्याच्यात खोड काढायची होती आणि तो खोड काढू देईना. ताट स्वतः उचलायचा, कडक भाकरी शेंगाचटणीशी मुकाट्यानं खायचा, "बढिया, भाभी" म्हणायचा. ह्याचा तर मला जास्त राग यायचा. वाईट माणूस असता तर निदान मन मोकळं करून चिडता आलं असतं.

गल्लीत मात्र लगेच पोरं जमली. नेपाळी आलाय, नेपाळी आलाय. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्यानं त्याला बघून हाक दिली, "काय पाव्हणं, चायनीजचा गाडा टाकताय की काय हितं?" आजूबाजूचे हसले. तोही हसला, सवय असल्यासारखा. पण हे उलटे फिरले. टपरीवाल्याच्या अंगावर धावून गेले, गचांडी धरायचीच बाकी ठेवली. "हा चीनच्या सीमेवर उभा राहतो म्हणून तू इथं चुना लावत बसतोस," असं ओरडले. सगळे माग चालू असताना गल्लीच्या त्या टोकाला ऐकू गेलं.

मी दारात उभी होते. एकदा बसमध्ये एक माणूस मला नको ते बोलला होता, तेव्हा हे म्हणाले होते, "सोड ना, कशाला तोंडी लागायचं." मी त्या दिवशी घरी येऊन रडले होते. आणि याच्यासाठी मुठी वळतात. त्या टपरीवाल्यापेक्षा मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हे बस घेऊन गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. म्हणाला, "भाभी, भैया को मेरे लिए बोलना है. आप बोलो ना उनको."

मग त्यानं सांगितलं ते असं. मागच्या बड्या खान्याला त्याला हुकूम झाला, नाटकात शत्रूचा सैनिक हो. तोंडाकडे बघून दरवेळी त्यालाच ते काम. चिनी, चिनी म्हणून हाक मारायची. ह्या वेळी तो नाही म्हणाला. हवालदारानं कॉलर धरली, ह्यानं ढकललं, हवालदार पडला. आता चौकशी लागली आहे. वरिष्ठावर हात टाकला म्हणून नोकरी जाऊ शकते. घरी म्हातारे आईबाप, लहान पोरं. हे नुसतं त्या एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षं चाललंय, असं कुणीतरी सांगायला पाहिजे. नोकरीत असलेला कुणी तोंड उघडत नाही. बाहेर पडलेला आणि सगळं बघितलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे माझा नवरा. वकिलानं सांगितलंय, आधी त्यांचं बोलणं मोबाईलवर घेऊन या, मग गरज पडली तर बोलावू.

"मग बोलतील की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

तो म्हणाला, "अपना भी तो बोलना पड़ेगा ना, भाभी."

"त्यांचं स्वतःचं काय?"

त्यानं मान खाली घातली. मला माहीत नाही हे त्याला त्याच वेळी कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. माझ्या नवऱ्याचं काहीतरी आहे. ते ह्याला ठाऊक आहे, आणि मी नवऱ्याच्या नावाचं मंगळसूत्र घालून इथं चहात मीठ टाकते आहे. मी उठून भांडी घासायला घेतली. एवढी आपटली की तो उठून बाहेर गेला.

संध्याकाळी मी ह्यांना सरळ विचारलं, "तिथं तुमच्या बाबतीत काय झालं होतं?"

"कुठं काय? काही नाही."

"तो म्हणाला."

"तो काहीही बोलतो. तू वाढ."

बस. त्याची नोकरी जाते की राहते, याचं मला पडलं नव्हतं असं नाही. पण मला पाहिजे होतं ते वेगळंच. ह्यांनी मला सांगावं. त्याला नाही, वकिलाला नाही, मला. माझ्याकडे बघून.

त्याच्यासाठी मोबाईलवर बोलायला हे शेवटी तयार झाले, पण पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं ते पार वाया गेलं. आमच्या गल्लीत घराघरात माग आहेत, भिंतीला भिंत. मोबाईलमध्ये नुसता खडखडाट आला, मधूनच ह्यांचा एखादा शब्द. तो म्हणाला, कुठं बाहेर जाऊ, एखाद्या लॉजवर खोली घेऊ. हे ऐकेनात. "मी असलं बाहेर बोलणार नाही. पातळ भिंती असतात, कोण ऐकेल सांगता येत नाही. बोलेन तर घरात." म्हणून ठरलं की वीजवाले दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात त्या दिवशी करायचं.

तो दिवस आला. सकाळी वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले. आम्हाला अशी शांतता सोसत नाही. कानात बोटं घातल्यासारखं वाटतं. बायका धान्य निवडायला पायरीवर येऊन बसतात, पुरुष बिड्या ओढत उभे राहतात. ह्यांनी आतल्या खोलीचं दार लावलं. मी कोपऱ्यात सतरंजी टाकायला गेले तर म्हणाले, "तू स्वयंपाकघरात बस."

"मी गप्प बसते."

"नको. तू असलीस तर मला जमायचं नाही."

आणि तो होता. तो समोर मोबाईल धरून मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर जमत होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आधी नुसती कुजबुज आली. मग आवाज चढत गेला. आता हे सांगायला पाहिजे की आमच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. जन्मल्यापासून मागांच्या वरताण बोलायचं, तोच आमचा साधा आवाज. माग बंद असले तरी गळा ऐकत नाही. त्यात ह्यांचा एक कान फौजेत अर्धा गेलेला. बोलण्याच्या भरात ह्यांचा आवाज मागांच्या आवाजाइतका वर गेला, आणि माग तर बंद होते.

भरती झाल्यावर जोड्या लावल्या तेव्हा जो तो आपल्या गावचा, आपल्या भाषेचा माणूस धरून उभा राहिला, असं हे सांगत होते. मैदानात शेवटी दोघंच राहिले. एक हा, ज्याला सगळे शत्रू म्हणत. दुसरा मी, हे म्हणाले, ज्याला काळू, कोळसा, मद्रासी म्हणत आणि दिवे गेले की दात दाखव म्हणत. हवालदार म्हणाला, हा उरलेला माल, एकात बांधा.

म्हणजे मागून घेतला नव्हता. कुणी कुणाला निवडलंच नव्हतं. आणि ते मला सांगायची लाज वाटली म्हणून "हाच पाहिजे" म्हणाले होते.

हे थांबत नव्हते, सांगतच होते. बड्या खान्याला मला राक्षस करायचे. बुटाचं पॉलिश पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, ह्याला अर्धी डबी पण लागायची नाही, सरकारचा फायदा. माझ्या हातानं मला लावायला लावायचे. मग त्याच तोंडानं पंगतीत वाढायला लावायचे, पुसायची परवानगी नाही. ह्याच्या गळ्यात दोरी घालून शत्रूचा कैदी म्हणून गुडघ्यांवर आणायचे. एका वर्षी मला म्हणाले, दोरी तू ओढ. मी ओढली. साहेब हसत होते, मी ओढली. ह्याचे गुडघे सोलले. बरॅकीत आल्यावर ह्यानंच रॉकेलचा बोळा घेऊन माझं तोंड पुसलं. त्याच दिवशी घरून दोरा आला होता. माझ्या हाताला बांधून घ्यायची माझी लायकी नव्हती. मी ह्याला बांधला.

मग हुंदका आला. ह्यांचा. लग्नानंतर, सासरे गेले तेव्हासुद्धा, मी हा आवाज ऐकला नव्हता.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. दया आली, त्या हवालदाराला उभा चिरावा असं वाटलं, सगळं आलं. पण सगळ्यात आधी आलं ते हे, की रॉकेलच्या बोळ्यानं ह्यांचं तोंड पुसणारा हात माझा नव्हता. माझं लग्न झालेलं होतं, मी होते, इथं होते. जगात कुठंतरी माझ्या नवऱ्याचं तोंड कुणीतरी पुसत होतं आणि मी शोकेससाठी चौकट करत होते.

मी पाणी प्यायला खिडकीशी गेले आणि बाहेर बघितलं. सगळी गल्ली थांबलेली. पायरीवरच्या बायकांचे हात सुपात तसेच. टपरीवाला टपरी सोडून आमच्या भिंतीजवळ उभा, तोंडातलं पान तसंच. कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

दार ढकलून "अहो, हळू" एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मग हे गप्प झाले असते. मला पुढचं ऐकायचं होतं.

शेजारी मोडनिंबकडची एक बाई भाड्यानं राहते, तिचा नवरा मागावर कामाला आहे. ती मागच्या दारानं आत आली. पदरानं डोळे पुसत हळूच म्हणाली, "वैनी, लई सोसलं की वं भावजींनी. तुमाला ठावं हुतं व्हय हे?"

"मला नाही तर कुणाला?" मी म्हटलं. "पहिल्यापासून माहीत आहे. मला सगळं सांगतात ते."

"व्हय की. बायकूला न्हाय सांगायचं तर कुणाला," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

थोड्या वेळानं दार उघडलं. ह्यांचे डोळे लाल, चेहरा धुतल्यासारखा. मागं तो. हे स्वयंपाकघराशी आले, माठातलं पाणी घेतलं, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला काही ऐकू आलं?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. आलं म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता, ऐकलंस ना, मग झालं. नाही म्हटलं तर आज ना उद्या स्वतः सांगतील. आता एवढं बोलून मोकळे झालेत, सांगतीलच. मी म्हटलं, "काहीच नाही. काय बोललात?"

"बरं झालं," हे म्हणाले. आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला गच्चीवर घेऊन गेले.

तो निघाला त्या दिवशी टपरीवाला टॉवेल-टोपी घेऊन घरी आला. आमच्याकडे पाहुण्याला मान द्यायचा तर टॉवेल-टोपी देतात. त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हात जोडून निघून गेला. दोन घरांतून शेंगाचटणीचे डबे आले. कुणीतरी चादर दिली. हे स्टेशनच्या रिक्षात बसता बसता मला म्हणाले, "लोकांना झालंय काय आज? त्या दिवशी मी ओरडलो त्याचा परिणाम बघ." मी म्हटलं, हो, तसंच असेल.

गल्ली शहाणी आहे. ह्यांच्यासमोर आजवर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. फक्त पूर्वी कुणीकुणी "काय काळूशेठ" म्हणायचे, तेवढं बंद झालं. ह्यांना ते कळलेलंही नाही. शोकेसमधला तो फोटो मला काढता येत नाही. काढला तर का काढला ते सांगावं लागेल. मी रोज पुसते, परत तिथंच ठेवते.

परवा रविवारी हे गच्चीवरून उतरले ते पायऱ्या उड्या मारत. मी मशिन थांबवलं. ह्यांचा चेहरा उजळला होता.

"त्याचं काम झालं," हे म्हणाले. "चौकशी मिटली. नोकरी राहिली."

आता. आता सांगतील. मी मशिनशेजारी जागा केली, हातातलं कापड बाजूला ठेवलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कसलं काम होतं हो त्याचं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग म्हणाले, "असंच गं. ऑफिसचं," आणि चहा टाकायला सांगितला.